एकोणीस चॅपलांची वाट

पुशिने, १२ फेब्रुवारी १९८९

ल्युदविकास,

हे पत्र समितीच्या वतीने लिहिते आहे. समिती म्हणजे फादर रोकास, बार्बोरा काकू, चौकावरचे दोघे सुतार आणि मी. रानातली चॅपलं पुन्हा बांधायची असं ठरलंय. आता वरून कोणी अडवत नाही. मागच्या महिन्यात परवानगीचा कागद आला, त्यावर तीन शिक्के आहेत. बार्बोरा काकूंनी तो दिव्याखाली धरून दोनदा तपासला. त्यांचा अजून विश्वास नाही.

चॅपलांचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे दिलंय. तीस वर्षं पोस्टात काढल्यामुळे माझं अक्षर सगळ्यांना लागतं, आणि निवृत्त झाल्यामुळे मी रिकामी आहे असा सगळ्यांचा समज आहे. वहीची बावीस पानं झाली. कॉलऱ्याच्या साथीतून वाचलेल्यांनी केलेला नवस लिहिला. त्या वेळच्या फादरांनी जेरूसलेममधल्या क्रूसाच्या वाटेची मापं मागवली, पावलं मोजत रानातून चालले आणि जिथे आकडा पुरा झाला तिथे खुंटी ठोकली, तेही लिहिलं. एकेका वाडीने एकेक चॅपल बांधलं. झारच्या वेळी दुरुस्तीला बंदी होती, तेव्हा बाया दुधाच्या कॅनमधून चुना नेत असत. हे सगळं झालं. मग मी बासष्ट सालाशी आले आणि तिथेच अडले.

खरी अडचण वहीची नाही, जागांची आहे. त्यानंतरच्या वसंतात वनखात्याने तिथे ओळीने पाइन लावले. ते आता घरापेक्षा उंच झालेत आणि सगळे एकसारखे दिसतात. चर्चच्या कपाटातला नकाशा चॅपलं पाडली त्याच आठवड्यात उचलून नेला होता. रस्त्याकडेची चार चॅपलं कुठे होती ते आम्हाला ठाऊक आहे. बाकीच्या पंधरांसाठी शरदात अकरा ठिकाणी खणलं. मुळं सापडली, आणि एक जर्मन हेल्मेट.

तू त्या प्रत्येक ठिकाणी गेला होतास. तुझ्यानंतर गावातलं तिथे कोणी गेलं नाही. जागा आठवत असतील तर कागदावर काढून पाठव. काम एवढंच आहे. उत्तरासाठी तिकीट सोबत ठेवलंय.

आई एकाहत्तरच्या मार्चमध्ये गेली, हे तुला कुणाकडून तरी कळलं असेलच. शांतपणे गेली.

तेओफिले


पुशिने, ९ एप्रिल १९८९

ल्युदविकास,

तुझं उत्तर पोचलं. नव्या पाकिटातून जुनं पाकीट निघालं, आणि ते ओळखल्यावर मी खुर्चीत बसले. आईचं नाव तुझ्या अक्षरात. चौसष्ट सालचा क्लायपेदा बंदराचा शिक्का. त्यावर आडवं, माझ्या अक्षरात: ‘या पत्त्यावर व्यक्ती नाही. परत.’ इतक्या लोकांची पत्रं मी वाटली, पण स्वतःचं अक्षर असं कधी पाहिलं नव्हतं. नीटनेटकं आहे. हातही हललेला नाही.

मागच्या कोऱ्या बाजूला तू तीन ओळी लिहिल्यास. जागा आठवतात म्हणालास. मग विचारलंस, आईला एकदा तरी कळलं का मी लिहीत होतो? आणि तिसरी ओळ, किती पत्रं परत केलीस ते तुला तरी आठवतं का?

सात. पहिलं बासष्टच्या ऑक्टोबरात आलं, शेवटचं सत्तरच्या नाताळात.

नाही, आईला कळलं नाही.

तेव्हा मला वाटायचं की मी तिला जपतेय. तिसऱ्या चॅपलपाशी ती ॲप्रन तोंडावर धरून उभी होती आणि तू ट्रॅक्टरवरून तिच्याकडे पाहिलंही नाहीस. त्यानंतर लोक आमच्या दारावरून जाताना आवाज खाली करायचे. मी गावात घरोघर पत्रं द्यायची आणि लोक पत्र घेऊन आभार न मानता दार लावायचे. या सगळ्याचा राग मी पिशवीत घालून फिरत होते. तुझं पत्र हाती आलं की तो काढायला जागा मिळायची. हेच खरं आहे. जपणं वगैरे मी मागाहून शोधून काढलं.

आई कधी उघड विचारायची नाही. मी पिशवी खुंटीला लावली की म्हणायची, “आज कुणाकुणाला आली?” मी नावं सांगायची. ती सगळी ऐकून घ्यायची. एकदा बटाटे सोलताना एकदम म्हणाली, “ल्युदासचं अक्षर अजून तसंच वाकडं असेल का गं?” त्या दिवशी तुझं पाचवं पत्र माझ्या पिशवीत होतं. मी म्हटलं, “असेल.” आणि दुसऱ्या दिवशी ते परत पाठवलं.

मागच्या पत्रात लिहिलं की ती शांतपणे गेली. तसं नव्हतं. शेवटचे चार दिवस ती मला सांगत होती, त्याला कळव, गाडीला वेळ लागतो, आत्ताच कळव. मी कळवलं असं सांगितलं. चौथ्या दिवशी तिने विचारलं, “निघाला का?” मी म्हटलं, “निघाला.”

आता तू नकाशा पाठवला नाहीस तरी मी समितीला सांगेन की तुला आठवत नाही. तुझ्यावर ठपका येणार नाही. हे पत्र समितीच्या वतीने नाही.

तेओफिले


पुशिने, २५ जून १९८९

ल्युदास,

अडीच महिने टपालाची वाट पाहणं काय असतं ते मला या वयात कळलं. तुझं पत्र परवा आलं. नवी पोस्टवाली पोरगी कुंपणावरूनच ओरडली, “तेओफिले मावशी, क्लायपेदाहून जाडजूड आलंय!” अर्ध्या गावाला कळलं.

माझ्याबद्दल तू एक शब्दही लिहिला नाहीस. फक्त, “आईने निघाला का विचारलं, एवढं कळलं, बरं झालं.”

बाकी सगळं बासष्टबद्दल. इतकी वर्षं मी मनाशी धरून होते की त्यांनी तुला धमकावलं असेल. बाबांना पुन्हा सैबेरियात पाठवू असं काहीतरी म्हटलं असेल. तू लिहितोस, “कोणी धमकावलं नाही. दोन ड्रायव्हर आजारी पडले, मी पडलो नाही. सामूहिक शेतावरून सुटायला गाव सोडायचा कागद लागत होता आणि तो मिळेल असं त्यांनी सांगितलं. मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला समुद्र बघायचा होता.” वाचून मला इतका संताप आला की पत्र पावाच्या डब्याखाली दाबून बागेत गेले. कांद्यातलं सगळं तण उपटलं, आणि थोडे कांदेही. तू खोटं बोलला असतास तर मी तुला किती सहज माफ केलं असतं! मग आत येऊन पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना वाटलं, सगळ्या गावात याच एका माणसाने त्या आठवड्याबद्दल जसं झालं तसं सांगितलंय. बाकी आपण सगळे म्हणतो, आम्ही रडलो. रडलोच. पण तुझ्या ट्रॅक्टरपुढे कोणी आडवं झालं नाही. मीसुद्धा नाही.

नकाशा काढता येत नाही म्हणतोस. चार वेळा काढलास आणि चारही वेळा वेगळा आला. “कागदावर येत नाही. तिथे उभा राहिलो तर पाय सांगतील. कुठलं कसं पडलं ते मला एकेक आठवतं. बांधणाऱ्यालाही इतकं आठवत नसेल.”

म्हणजे तुला यावं लागेल.

मी हे समितीपुढे ठेवलं. काय झालं ते जसंच्या तसं सांगते, उगाच गोड करत नाही.

बार्बोरा काकू म्हणाल्या, “त्या ट्रॅक्टरवाल्याचं तोंड बघायच्या आधी देवाने मला उचलावं.”

फादर रोकास म्हणाले, “काकू, तुम्ही एक्याऐंशीच्या आहात. देवाला तसं सुचवू नका.”

“आठवं चॅपल माझ्या आजोबांनी स्वतःच्या हाताने बांधलं. चार हिवाळे विटा भाजल्या! आणि याने अर्ध्या तासात...”

“मग ते कुठे होतं ते दाखवा,” फादर म्हणाले. “आत्ता निघू. मी फावडं घेतो.”

गेल्या शरदात काकूंनीच आम्हाला तीन ठिकाणी खणायला लावलं होतं. शेवटी त्यांनी रुमालाची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली. “येऊ दे. पण मी त्याच्याशी बोलणार नाही.”

म्हणून विचारते. येशील का? ऑक्टोबरात फर्न वाळून झोपतात, जमीन दिसते. माझ्याकडे उतरायचं.

तेओफिले


पुशिने, १७ सप्टेंबर १९८९

ल्युदास,

येतोस हे कळलं. तेरा तारखेची दुपारची बस घे, ती चौकापर्यंत येते.

खुंट्या आणतो म्हणालास ते उत्तम, इथे लोखंड मिळत नाही.

बाटली आणू नकोस. लोक म्हणतील धीर यायला प्यायला. केक आण हवा तर.

मला भीती वाटते आहे. तुझी नाही. सत्तावीस वर्षांनी दार उघडताना हातांचं काय करायचं, याची.

तेओफिले


पुशिने, २९ ऑक्टोबर १९८९

ल्युदास,

तुला जाऊन दोन आठवडे झाले. दार उघडताना हातांचं काय केलं ते तुला ठाऊक आहे, माझ्या हातात कालथा होता आणि तसाच राहिला. तुझ्या कोटाला पिठाचा डाग पडला असेल. कोमट पाण्याने निघतो.

इतिहासाच्या वहीत मी नवीन भाग लिहिलाय. इथे उतरवून पाठवते. काही चुकलं असेल तर कळव.

“१९८९ च्या ऑक्टोबरमध्ये ल्युदविकास रिमगायला तीन दिवस पुशिनेला आले. येताना बंदराच्या कारखान्यातून ऐंशी खुंट्या करून आणल्या होत्या, नारिंगी रंगाच्या. चौदा तारखेला सकाळी बावीस माणसं रानाच्या तोंडाशी जमली. त्यांतली किती मदतीला आली होती आणि किती बघायला, ते सांगता येत नाही. कोणी त्यांना नमस्कार केला नाही. त्यांनीही अपेक्षा केली नाही.

ते रस्त्याकडेच्या चौथ्या चॅपलच्या जागी उभे राहिले आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. मग झाडांच्या ओळींकडे न बघता तिरके चालू लागले. दोनशे दहा पावलांवर थांबून म्हणाले, ‘इथे. पाचवं. हे दाराच्या बाजूला पडलं, म्हणून मागचा पाया शाबूत असणार.’ सुतारांनी खणलं. हातभर खाली विटांची रांग लागली.

सहावं, सातवं तसंच सापडलं. आठव्यापाशी ते दोन बुंधे फुटलेल्या एका पाइनजवळ थांबले. बार्बोरा काकू मागे काठीवर रेलून उभ्या होत्या. रिमगायला यांनी टोपी काढली आणि त्यांच्याकडे वळले.

‘तुमच्या आजोबांचं काम सगळ्यांत जड गेलं,’ ते म्हणाले. ‘तीनदा केबल तुटली. चौथ्यांदा दोन ट्रॅक्टर लावावे लागले.’

बार्बोरा काकूंनी विचारलं, ‘तीनदा?’

‘तीनदा.’

‘तुटणारच!’ काकू म्हणाल्या. मग सगळ्यांकडे बघून पुन्हा म्हणाल्या, ‘ऐकलंत ना? तीनदा तुटली.’ आणि सुतारांवर ओरडल्या, ‘खणा की! बघताय काय? याला थंडीत उभं करून ठेवणार आहात का?’

दोन दिवसांत पंधरापैकी चौदा जागा सापडल्या. बारावी सापडली नाही. रिमगायला सोळा तारखेला सकाळी एकटे गेले आणि दुपारी चिखलाने माखून परत आले. बारावं लाकडी होतं, ते पाडलं नाही, जाळलं, म्हणून पाया नाही, असं त्यांनी सांगितलं. पण जळक्या मातीचा काळा पट्टा हाती लागला.”

इथपर्यंत ठीक आहे ना?

बासष्टचं वाक्य कसं लिहू असं मी तुला तिसऱ्या दिवशी जेवताना विचारलं होतं. तू बीटच्या सुपात मलई ढवळत राहिलास आणि म्हणालास, “नाव लिही.” मी लिहिलं. “१९६२ च्या मे महिन्यात एकोणीस चॅपलं चार दिवसांत पाडण्यात आली. ट्रॅक्टर ल्युदविकास रिमगायला यांनी चालवला.” त्याखाली मी पोस्टाबद्दलही दोन ओळी लिहिल्या होत्या. फादर म्हणाले, “तेओफिले, हे चॅपलांच्या इतिहासात बसत नाही.” मी म्हटलं, बसतं. ते म्हणाले, “हे तुम्ही कन्फेशनला सांगितलंत, भावाला सांगितलंत, आता वहीला कशाला?” शेवटी खोडलं. पण बघायला गेलं तर ती ओळ अजून दिसते, मी हलक्या हाताने खोडली.

आईच्या थडग्यापाशी तू गेलास तेव्हा मी फाटकाशीच थांबले. तिथे तू काय बोललास ते मला विचारायचं नाही. पण परत आल्यावर माझ्या हातातली पाण्याची झारी तू काढून घेतलीस आणि घरापर्यंत रिकामीच वाहून आणलीस. हे मला आठवत राहतं.

काकूंनी तुला मध पाठवलाय. म्हणतात, त्याच्याशी बोलणार नाही म्हटलं होतं, देणार नाही असं म्हटलं नव्हतं.

तुझी,
तेओफिले


पुशिने, ६ जून १९९०

ल्युदास,

तू रविवारी इतक्या घाईने गेलास की धड बोलणंही झालं नाही. एकतीस किलोमीटर सायकल मारून स्टेशन गाठायचं होतं, मला समजतं. आपण स्वातंत्र्य जाहीर केलं म्हणून मॉस्कोने पेट्रोल बंद केल्यापासून इथे फादरही सायकलवरच मयतीला जातात. गुडघा कसा आहे?

पेन्टेकॉस्टचा, रविवारच्या सणाच्या मिरवणुकीचा दिवस तू पाहिला नाहीस. तू सगळ्यांच्या पुढे होतास आणि एकदाही मागे वळला नाहीस. म्हणून तुझ्या पाठीमागे काय होतं ते लिहिते.

आधी सकाळचं सांगते, कारण तेही तुला पूर्ण माहीत नाही. फादरनी तुला पुढे चालायला सांगितलं ते आयत्या वेळी सुचलेलं नव्हतं. सहा चॅपलं उभी आहेत, बाकी ठिकाणी नुसत्या खुंट्या, आणि फर्न कंबरेपर्यंत आलेत. शनिवारी फादर स्वतः वाट बघायला गेले आणि नवव्यानंतर भरकटून दलदलीत उतरले. एक बूट तिथेच राहिला. परत आल्यावर समितीत म्हणाले, “क्रूस मी धरतो. पण वाट मला येत नाही. ज्याला येते त्याने माझ्यापुढे चालायला हवं.” सगळ्यांनी बार्बोरा काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, “माझ्याकडे काय बघता? मला तरी येते का?”

म्हणून रविवारी तुझा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला आणि तू फादरना “माझी लायकी नाही” म्हणालास, तेव्हा ते हसले. तुला राग आला असेल. पण ते बुटामुळे हसले.

आम्हाला तीनशे माणसं येतील असं वाटलं होतं. गाड्या बंद, बस बंद. लोक पायी आले, घोडागाड्यांतून आले, एक वाडी तर गवताच्या गाडीत बसून गात आली. फादरांच्या अंदाजाने दोन हजार. तू सातव्यापाशी होतास तेव्हा शेपूट अजून रस्त्यावर होतं.

चॅपल उभं होतं तिथे लोक गुडघे टेकत होते, ते अपेक्षितच होतं. पण पाचव्यापाशी काहीच नाही, चार नारिंगी खुंट्या आणि मध्ये गवत. मला वाटलं इथे लोक नुसते पुढे सरकतील. पहिली बाई खाली बसली, मग सगळी रांग. त्या मोकळ्या चौकोनात कोणी पाय ठेवला नाही. दोन हजार माणसं गेली आणि आतलं गवत तसंच उभं राहिलं. मी सोमवारी जाऊन पाहिलं.

आठव्यापाशी भिंत छातीपर्यंत आली आहे. बार्बोरा काकू तिथे स्टूल टाकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला केबलची गोष्ट सांगत होत्या. आता ती पाचदा तुटते.

बाराव्याच्या काळ्या मातीवर कुणीतरी लिलीची फुलं ठेवली. कोणी ते कळलं नाही.

मी म्हाताऱ्यांबरोबर अगदी मागे होते. चौदाव्याच्या पुढे माझ्याबरोबर एक परक्या गावची बाई चालत होती, पाय सुजलेले, बूट हातात घेतलेले. वाट तिथे वळते आणि झाडांमधून पुढचं टोक क्षणभर दिसतं. क्रूस दिसला, आणि त्याच्या पुढे तुझी टोपी नसलेली पाठ.

बाईंनी विचारलं, “तो पुढे कोण चाललाय?”

“माझा भाऊ,” मी म्हटलं.

“फादर आहे?”

“नाही. पूर्वी ट्रॅक्टर चालवायचा.”

“तरीच,” त्या म्हणाल्या. “बघा, कसा सरळ नेतोय.”

तोवर तू झाडांआड गेला होतास, आणि आमच्यात बरंच अंतर पडलं होतं. मग त्या बाईंचा हात धरला आणि दोघी जरा भरभर चालू लागलो.

तुझी,
तेओफिले